टाकी तुंबण्याआधी आलेली गाडी

वाई हे कृष्णाकाठचे गाव. २०११ च्या जनगणनेनुसार वस्ती सुमारे ३६ हजार. घराघरांतला मैला वाहून नेणारे भुयारी गटारांचे जाळे येथे नव्हते, आणि महाराष्ट्रातील बहुतेक नगरपरिषदांच्या गावांची हीच परिस्थिती आहे. घर बांधताना अंगणात, परसात किंवा जिन्याखाली सेप्टिक टाकी बांधायची, शौचालय तिला जोडायचे, वरून फरशी घालायची आणि टाकी तुंबेपर्यंत तिचा विषय काढायचा नाही, अशी रीत. २०१८ मध्ये वाई नगरपरिषदेने ही रीत बदलण्याचे ठरवले. मागणी येईल तेव्हा गाडी पाठवण्याऐवजी गावातील टाक्या दर तीन वर्षांतून एकदा, ठरलेल्या क्रमाने आणि घरमालकाच्या अर्जाची वाट न पाहता उपसायच्या, अशी योजना सुरू झाली. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर नगरपरिषदेनेही त्याच सुमारास ही पद्धत स्वीकारली. दोन्ही ठिकाणी अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील पाणी व स्वच्छता केंद्राचे तांत्रिक साहाय्य होते. आमच्या आळीचा क्रम आला तेव्हा टाकी उघडण्यापासून गाळ प्रक्रिया केंद्रावर रिता होईपर्यंतचे सारे काम मी पाहिले. सांडपाण्याबद्दल बोलताना आपण नेहमी नदीपासून सुरुवात करतो. ते घराच्या फरशीखालून कसे सुरू होते, हे सांगावे म्हणून हे लिहिले आहे.

आमचा वाडा मधल्या आळीत आहे. सासूबाई लग्न होऊन येथे आल्या तेव्हा परसात टोपलीचा संडास होता. मागच्या बोळातून रोज सकाळी एक बाई येई, खालचे लोखंडी दार उघडून मैला पाटीत भरून घेई आणि डोक्यावरून गावाबाहेर नेई. सासूबाईंना त्या बाईचे नाव अजून आठवते. तिच्याशी घरातले कोणी कधी दोन शब्द बोलले नाही, हेही त्या सांगतात, आणि सांगताना थांबतात. माणसाकडून मैला वाहून घेण्यास आणि कोरडे संडास बांधण्यास बंदी करणारा केंद्रीय कायदा १९९३ मध्ये झाला. आमच्या वाड्यात सासऱ्यांनी त्याच्या काही वर्षे आधीच पाण्याचा संडास आणि सेप्टिक टाकी बांधून घेतली होती. टाकी आली आणि मैला दिसेनासा झाला. घरातील सगळ्यांनी तो प्रश्न मिटला असे मानले.

त्यानंतर टाकी उपसली गेली ती तुंबल्यावरच. संडासातले पाणी उतरेनासे झाले, मोरीतून वास येऊ लागला की खासगी गाडीवाल्याला निरोप जाई, तो तिन्हीसांजेला येऊन जाई आणि रोख पैसे घेई. गाळ कोठे नेतो, असे त्याला कोणी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. गावाबाहेरचा ओढा, पडीक रान, एखादे शेत, यांखेरीज दुसरी जागा त्या काळी नव्हतीच, कारण अशा गाळावर प्रक्रिया करणारी सोयच आसपास कोठे नव्हती. म्हणून त्या एका गाडीवाल्याला दोष देण्यात मला अर्थ वाटत नाही. घराघरांनी तयार केलेल्या मैल्याला शेवटचे ठिकाण देणे हे सार्वजनिक काम आहे, आणि ते कोणीच अंगावर घेतले नव्हते.

गाडी येण्याच्या आधी नगरपरिषदेची माणसे माहितीपत्रके घेऊन आळीत फिरली. आमच्याकडे आलेला मुलगा तिशीच्या आतला होता. त्याने घरातली माणसे किती, टाकी कोठे, शेवटची कधी उपसली, झाकण आहे का, बाहेर पडणारे पाणी कोठे जाते, असे प्रश्न विचारून मोबाइलवर नोंद केली. सासूबाईंनी त्याला ओट्यावर बसवून घेतले आणि सरळ विचारले, "अरे बाळा, आमची टाकी भरलेलीच नाही, तर उपसायची कशाला? मोठी टाकी आहे. ह्यांनी उभं राहून बांधून घेतली आहे."

त्यावर त्याने जे सांगितले ते घर असलेल्या प्रत्येकाने ऐकावे असे होते. "आजी, टाकी पाण्याने भरते ती पहिल्या काही दिवसांतच. नंतर ती कायम भरलेलीच असते. जेवढं पाणी आत येतं तेवढंच दुसऱ्या बाजूने बाहेर जातं. वाढतो तो गाळ." सेप्टिक टाकीचे काम इतकेच असते, की आत आलेले पाणी काही काळ स्थिर ठेवायचे, म्हणजे जड भाग तळाशी बसतो, तेलकट भाग वर साय धरतो आणि मधले त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी पुढे जाते. तळच्या गाळाचा काही अंश हवेशिवाय जगणारे जिवाणू पचवतात, परंतु सगळा नाही. वर्षागणिक गाळाचा थर चढतो, पाण्याला थांबायला जागा उरत नाही, आणि मग आलेला मैला न बसता तसाच बाहेरच्या गटारात जातो. घरात मात्र काही कळत नाही, कारण संडासातले पाणी व्यवस्थित उतरत असते. टाकी तुंबते ती या साऱ्याच्या पुष्कळ नंतर. दोन-तीन वर्षांनी टाकी उपसावी, असे भारतीय मानकांत आणि केंद्र शासनाच्या मार्गदर्शक पुस्तिकांत पूर्वीपासून लिहिलेले आहे. पण ज्याच्या घरात काही अडत नाही तो खर्च करून, घाण सहन करून स्वतःहून गाडी बोलावील, ही अपेक्षा कोणत्याही गावात खरी ठरलेली नाही. म्हणून हा निर्णय घरमालकावर न सोपवता नगरपरिषदेने स्वतःच्या हातात घ्यावा, हे मला पटले. कचऱ्याची घंटागाडी आपण बोलावत नाही, ती येते, तसेच हे.

आमच्या टाकीला झाकण नव्हते. नव्हते म्हणजे, असलेच तर कोठे आहे हे माहीत असलेले सासरे आता नाहीत. अंगणात सगळीकडे शहाबादी फरशी, आणि तुळशीवृंदावनाच्या आसपास कोठेतरी टाकी आहे एवढीच सर्वांची माहिती. जुन्या गावांतल्या टाक्यांची ही फार मोठी अडचण आहे. झाकणे फरशीखाली गाडलेली असतात, काहींवर न्हाणीघर उभे राहिलेले असते, काहींवर दुकानाचा गाळा. फरशी फोडायला घरमालक तयार होत नाही, आणि गाडी दारातून परत जाते. आम्ही गवंडी बोलावला. त्याने पहारीच्या बोथट टोकाने फरशीवर ठोकत ठोकत आवाज ऐकला, संडासाच्या नळाची दिशा बघितली आणि वृंदावनापासून चार हातांवर खडूने चौकोन काढला. दोन फरशा उचलल्यावर खाली सिमेंटची पाटी निघाली, तिला सळईची कडी होती, गंजून पापुद्रे सुटलेली. ती पाटी त्या दिवशी त्याने सरकवून मोकळी करून ठेवली. उपसण्याचे काम झाल्यावर त्याच जागी उचलता येईल असे बिडाचे चौकटीचे झाकण बसवले. फरशा फोडण्याचा आणि झाकणाचा खर्च आमचा होता, आणि तो आमचाच असणे योग्य आहे.

गाडी सकाळी आली. आमची आळी अरुंद, त्यामुळे ती कोपऱ्यावर उभी राहिली आणि तेथून जाड नळीचे तुकडे एकाला एक जोडत दिंडीदरवाजातून अंगणात आणले. तिघे जण होते. हातांत कोपरापर्यंतचे रबरी मोजे, पायांत गमबूट, तोंडाला मुखपट्टी. मुकादमाने प्रथम पाटी पूर्ण उघडली आणि सर्वांना लांब उभे राहायला सांगून काही वेळ टाकी तशीच उघडी ठेवली. वासाने सासूबाई अस्वस्थ झाल्या आणि त्यांनी देवघरातून उदबत्तीचे घर आणून ओट्यावर ठेवले. मुकादम झटकन पुढे आला. "मावशी, आधी ती विझवा. आत मिथेन असतो, ठिणगी लागायला नको." उदबत्ती विझवली. टाकीतल्या दुसऱ्या वायूबद्दलही त्याने सांगितले: सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड. तो जास्त झाला की नाकाला वास येणेच बंद होते, आणि माणसाला वाटते की हवा निवळली.

मग त्याने खालच्या टोकाला पांढरे फडके गुंडाळलेला एक लांब बांबू सरळ तळापर्यंत उतरवला, थोडा वेळ धरला आणि अलगद वर काढला. फडक्यावर वरचा भाग करडा ओलसर होता आणि खालचा दाट काळा. काळा पट्टा त्याने हाताने दाखवला. पाण्याच्या निम्म्याहून अधिक उंचीपर्यंत गाळ चढलेला होता. सासूबाई पुढे येऊन तो बांबू नीट बघून गेल्या. त्यानंतर टाकी भरलेली नाही, असे त्या म्हणाल्या नाहीत.

पंप सुरू झाला तेव्हा नळी थरथरू लागली आणि टाकीतली पातळी डोळ्यांदेखत खाली जाऊ लागली. पातळ गाळ लवकर गेला. तळाशी मात्र इतक्या वर्षांचा थर घट्ट बसलेला होता आणि नळी तो ओढेना. शेजारचे एक काका कठड्यावरून बघत होते. त्यांनी सहज सुचवले की एकाला खाली उतरवा, फावड्याने सैल करील, दहा मिनिटांचे काम आहे. मुकादमाने पंप बंद केला आणि शांतपणे उत्तर दिले, "काका, टाकीत कोणी उतरणार नाही. आम्हीही नाही, आणि तुम्ही बाहेरून कोणाला आणून उतरवायचं नाही." मग त्याने गाडीतल्या पाण्याचा जोराचा फवारा टाकीच्या तळावर मारला, गाळ ढवळून सैल केला आणि पुन्हा पंप लावला. असे बराच वेळ चालले. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा प्रत्येक मृत्यूसाठी दहा लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला आणि २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाखांवर नेली. कायदा इतका स्पष्ट असूनही टाकीत गुदमरून माणसे गेल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत, आणि त्यांतील कितीतरी टाक्या तुमच्याआमच्यासारख्यांच्या घरांतल्या आणि सोसायट्यांतल्या असतात. आमच्या अंगणात त्या दिवशी जर मुकादमाच्या जागी रोजावर आणलेला एखादा गरजू माणूस असता, तर काकांचे सांगणे त्याने ऐकले असते. ठरलेली गाडी, यंत्र, साधने आणि नाही म्हणण्याचा अधिकार असलेला कर्मचारी, हे सारे एकत्र आले म्हणून तसे झाले नाही.

टाकी पूर्ण कोरडी केली नाही. तळाशी थोडा गाळ मुद्दाम ठेवला, कारण नव्याने येणारा मैला पचवणारे जिवाणू त्यातूनच पुढे वाढतात. फिनेल, ॲसिड किंवा बाजारात मिळणारी टाकी साफ करण्याची पावडर आत टाकू नका, असे मुकादमाने बजावले. एका खेपेत काम झाले नाही. गाडी रिकामी करून पुन्हा यावी लागली. मग छापील फॉर्मवर घरमालकाची सही. तोच फॉर्म केंद्रावर गेल्यावर तेथील माणूसही सही करतो, म्हणजे आमच्या दारातून निघालेला गाळ केंद्रावर पोहोचला याची नोंद राहते. पैशाचा व्यवहार दारात झाला नाही. या कामाचा खर्च घरपट्टीबरोबर येणाऱ्या स्वच्छता करातून भागवला जातो, आणि गाड्या चालवणाऱ्या ठेकेदाराला नगरपरिषद झालेल्या कामाच्या हिशेबाने पैसे देते. माझ्या मते या योजनेचे मर्म येथे आहे. दर वर्षी थोडा कर भरताना कोणाला जड वाटत नाही. एकदम हजार-दोन हजार रुपये मोजायचे म्हटले की गरीब घर टाकी तुंबेपर्यंत थांबते, आणि तोवर तिचा गाळ सगळ्यांच्या गटारातून वाहत राहतो.

दुसऱ्या खेपेनंतर मी परवानगी घेऊन केंद्रावर गेले. वाईचे मैलागाळ प्रक्रिया केंद्र गेट्स फाउंडेशनच्या साहाय्याने उभे राहिले असून त्याची क्षमता दिवसाला ७० हजार लिटर आहे. गाडीची नळी जोडली जाते आणि गाळ प्रथम जाळीतून जातो. त्या जाळीवर अडकलेले मी बघितले: सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे लंगोट, शांपूच्या पुड्या, केसांचे पुंजके, एक दात घासण्याचा ब्रश. हे सारे संडासातून गेलेले. आमच्या घरातलेही त्यात असणारच, म्हणून त्या दिवसापासून आमच्या संडासात झाकणाची बादली ठेवली आहे.

जाळीखालचा गाळ मोठ्या टाकीत जातो, तेथे तो ढवळत ठेवतात, म्हणजे कोणत्याही घराचा गाळ कसाही असला तरी पुढे एकसारखा जातो. घट्ट भाग आणि पाणी वेगळे करणे ही यातली कठीण पायरी. गाळातले बारीक कण एरवी पाणी सोडत नाहीत. एक रसायन मिसळून त्यांच्या गुठळ्या होऊ देतात आणि मग पाणी पिळून काढतात. उरलेला घट्ट भाग वाळवून, जवळजवळ हवाबंद ठेवून, फार मोठ्या उष्णतेवर तापवला जातो. त्यातून निघणारा वायू जाळून मिळणारी उष्णता पुढचा गाळ वाळवायला उपयोगी पडते, आणि मागे राहतो तो कोळशासारखा काळा भुगा. तो हातात घेतला तर हलका लागतो, बोटांना काजळी लागते आणि वास अजिबात नाही. इतक्या उष्णतेत जंतांची अंडीदेखील शिल्लक राहत नाहीत. ही अंडी कच्च्या गाळात महिनोन् महिने जिवंत राहतात, म्हणूनच उपसलेला मैला थेट शेतात टाकणे धोक्याचे असते. वेगळ्या काढलेल्या पाण्यावर स्वतंत्र प्रक्रिया होते. सिन्नरच्या केंद्रात गाळ तापवत नाहीत. तेथे तो वाळूच्या वाफ्यांवर पसरून उन्हात सुकवला जातो. त्याला जागा अधिक लागते आणि पावसाळ्यात सुकायला वेळ लागतो, पण यंत्रे कमी लागतात. कोणती पद्धत घ्यावी हे जागा, पाऊस आणि चालवणारी माणसे पाहून ठरते, असे तेथील तंत्रज्ञाने सांगितले.

माझा शेवटचा प्रश्न केंद्रावर नव्हता, तो अंगणातच होता. गाळ दर तीन वर्षांनी जाईल. पण रोज टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे काय? ते दिसायला मैल्यासारखे नसते, तरी त्यात जंतू भरपूर असतात. आमचे पाणी बोळातल्या उघड्या गटारात जाते. त्यातच स्वयंपाकघराचे आणि न्हाणीचे पाणी मिसळते, गटार नाल्याला मिळते आणि नाला कृष्णेला. माघात घाटावर कृष्णाबाईचा उत्सव बसतो, तेव्हा त्याच पाण्याला आम्ही ओटी भरतो. खाली कऱ्हाड आणि सांगली याच नदीवर आहेत.

सरळ उपाय शोषखड्ड्याचा. टाकीचे पाणी खड्ड्यात सोडायचे, ते जमिनीत मुरते आणि माती त्याला बरेचसे गाळते. मी गवंड्याला पुन्हा बोलावले आणि मापे घेतली. मानकांप्रमाणे शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर, म्हणजे साठ फुटांच्या आसपास लांब असला पाहिजे. आमच्या वाड्यात आड आहे, शेजारच्या वाड्यात आहे, पलीकडेही आहे. अंगणात, परसात कोठेही टेप लावला तरी तीन आडांपैकी एक तरी त्या अंतराच्या आत येतो. जुन्या आळ्यांत शंभरातील किती घरांना अशी जागा सापडेल, हे गावाचा नकाशा पाहिला तरी समजते. घरमालक कितीही जागरूक असला तरी हे काम त्याच्या अंगणात होणारे नाही.

म्हणून ते पाणी नाल्याच्या तोंडाशी, नदीला मिळण्याआधी अडवून प्रक्रियेकडे वळवावे लागेल. नाल्यातल्या पाण्याला गाळाइतकी महाग यंत्रे लागत नाहीत. घरगुती सांडपाण्यापेक्षा उपसलेला गाळ कितीतरी पटींनी तीव्र असतो, आणि तो वेगळा निघाला की उरलेल्या पाण्यावरचा भार हलका होतो. टाक्या वेळेवर उपसल्या जात असतील तर नाल्यावरचे छोटे केंद्रही झेपू शकते. टाक्या गाळाने भरलेल्या ठेवून नाल्यावर मोठे केंद्र बांधले तर तेही भरून जाईल. हा क्रम महत्त्वाचा आहे, आणि वाईने पहिली पायरी आधी घेतली, हे मला योग्य वाटते.

आळीतल्या घरांच्या सह्या घेऊन आम्ही नगरपरिषदेकडे अर्ज दिला आहे. त्यात तीन गोष्टी लिहिल्या आहेत. आमच्या बोळाचे गटार ज्या नाल्याला मिळते त्याच्या पाण्याची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करून आकडे फलकावर लावावेत. नव्या बांधकामाला परवानगी देताना टाकीचे झाकण उघडता येण्याजोगे आहे का, हे प्रत्यक्ष पाहूनच दाखला द्यावा. आणि ज्या घरांची झाकणे गाडलेली असल्यामुळे गाडी परत गेली, त्यांच्याकडे तीन वर्षे न थांबता, गवंडी सोबत घेऊन पुन्हा जावे. शेजारच्या काकांची सही त्यात आहे. त्यांच्या टाकीवर न्हाणीघर आहे, आणि कोबा फोडायचा झाला तर कोठून फोडावा हे बघायला आमचाच गवंडी येत्या रविवारी त्यांच्याकडे जाणार आहे.